‘ठरलं’ म्हणण्याआधी

कोथरूडचा तो दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तुम्हा दोघांना आवडलाय, मालकांनाही तुम्ही बरे वाटलात, आणि एजंट म्हणतोय की आज पन्नास हजार टोकन टाकून ठेवा, म्हणजे मधे दुसरं कोणी शिरणार नाही. तू मला विचारलंस, ‘आत्या, टोकन दिलं की आपण बांधले जातो का?’ अगं, टोकन द्यायच्या आधीही माणूस बांधला जाऊ शकतो, आणि टोकन देऊनही मोकळा राहू शकतो. काय ठरलं, कोणाशी ठरलं आणि त्याचा पुरावा काय, यावर ते असतं. पैसे कधी दिले हा त्यातला एक धागा. मी वकिली केली ती मालमत्तेचीच, आणि पक्षकार माझ्याकडे यायचे ते बहुतेक टोकन देऊन झाल्यावर. तू आधी आलीस, म्हणून सविस्तर सांगते. जावईबापूंनाही वाचायला दे. भाव करताना ते फार लवकर मान डोलावतात.

आपला करार कायदा १८७२ चा. त्याच्या हिशेबाने एकाने प्रस्ताव ठेवला, दुसऱ्याने तो जसाच्या तसा मान्य केला, बदल्यात काही द्यायघ्यायचं ठरलं, दोघं सज्ञान आहेत आणि कोणी कोणाला फसवलं-धमकावलं नाही, की करार झाला. कागद हवा, स्टॅम्प हवा, असं त्यात म्हटलेलं नाही. घर विकायचा करार तरी लेखी हवाच, असं तुला वाटेल. तेही नाही. विक्रीचा तोंडी करारसुद्धा आपली न्यायालयं ग्राह्य धरतात. आलोका बोस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, आणि वर असंही सांगितलं की साठेखतावर, म्हणजे विक्रीच्या लेखी करारावर, एकट्या विकणाऱ्याची सही असली तरी चालतं. तोंडी करार सिद्ध करणं महाकठीण, हा भाग वेगळा; साक्षीपुरावा फार बारकाईने तपासला जातो. पण ‘लिहिलंय कुठे, मी मोकळा’ या भरवशावर कोणी राहू नये, घेणाऱ्याने नाही आणि विकणाऱ्यानेही नाही.

तुझ्या लंडनच्या आतेभावाचं ऐकून इथला अंदाज बांधू नकोस. तिकडे १९८९ च्या कायद्यापासून जमिनीघराचा करार लेखी आणि सहीनिशीच लागतो. मालकाने ‘तुमची ऑफर मान्य’ म्हटल्यावरही दोन्हीकडच्या वकिलांनी सही केलेल्या कराराच्या प्रतींची देवाणघेवाण करेपर्यंत कोणीही अंग काढून घेऊ शकतो. मधेच कोणी जास्त भाव दिला म्हणून मालक फिरला तरी बिचाऱ्या गिऱ्हाइकाला बोलता येत नाही. आपण कायदा घेतला इंग्रजांकडून, पण हे कुंपण आपल्याकडे नाही.

मग आपल्याकडे ‘ठरलं’ नेमकं कधी धरायचं? मी चार गोष्टी बघायचे. विकणारा नि घेणारा कोण, मिळकत नेमकी कोणती, किंमत किती, आणि पैसे व ताबा कधी-कसा. या चारही बाबतीत दोघांचं मन एका जागी आलं असेल तर करार आहे असं कोर्ट म्हणू शकतं. एखादी लोंबकळत असेल तर बोलणी चालू आहेत. कायदाच सांगतो की ज्या कराराचा अर्थ निश्चित करता येत नाही तो रद्दबातल. ‘पार्किंगचं बघू’, ‘मे-जूनमध्ये कधीतरी ताबा देऊ’, ‘किंमत बाजारभावाने’ हे असले शब्द व्यवहार कच्चा ठेवतात. कधी ते तुझ्या सोयीचं असतं, कधी समोरच्याच्या.

भाव करण्यात एक खोच आहे, ती बहुतेकांना ठाऊक नसते. समज, मालक म्हणाले ९०. तुम्ही म्हणालात, ९० चालेल, पण पार्किंग आणि मॉड्युलर किचन त्यातच. तुम्हाला वाटतं आपण होकार दिला. कायद्याच्या नजरेत तो नकार आहे, कारण होकार बिनशर्त लागतो. तुम्ही ठेवलात तो नवा प्रस्ताव, आणि मालकांचा ९० चा जुना प्रस्ताव त्या क्षणी संपला. रात्री विचार करून सकाळी ‘बरं, पार्किंग सोडलं, ९० पक्के’ म्हणून फोन केलात, तर ते बांधील नाहीत. त्यांनी ९३ म्हटलं तरी तक्रारीला जागा नाही. म्हणून जो भाव हातचा घालवायचा नसेल त्याला आधी अटी जोडू नका. ‘पार्किंग यात धरलंय का?’ असं विचारणं आणि ‘पार्किंगसकट घेतो’ असं म्हणणं यांत कायद्याने मोठा फरक पडतो. विचारपूस केल्याने प्रस्ताव मरत नाही.

तसंच मालक म्हणाले, ‘रविवारपर्यंत तुमच्यासाठी थांबतो.’ शब्दाचा माणूस असेल तर थांबेल. पण त्या थांबण्याबद्दल तुम्ही काही दिलेलं नसेल, तर शुक्रवारी त्यांनी मन बदललं तरी कायदा त्यांना धरत नाही. होकार पोचायच्या आत प्रस्ताव मागे घेता येतो. हे तुम्हालाही लागू आहे, हे विसरू नका. तुम्ही भाव कळवलात, आणि त्यांचं उत्तर यायच्या आत घरात पाण्याचा लोचा असल्याचं कळलं, तर लगेच मेसेज टाकायचा की आमचा प्रस्ताव मागे घेतोय. उद्या बोलू, असं नाही करायचं.

मेसेजवरून आठवलं. व्हॉट्सॲपवर ‘डन’, ‘फायनल’, हात जोडलेले, अंगठा वर केलेला, हे सगळं बंद करा. तोंडी करारही चालतो म्हटल्यावर लेखी मेसेज हा त्याचा आयता पुरावा होतो. आवडलं असेल तर आवडलं म्हणा, पण प्रत्येक महत्त्वाच्या मेसेजच्या शेवटी एक वाक्य ठेवा: ‘आमच्या वकिलांनी कागदपत्रं तपासल्यावर आणि दोन्ही बाजूंनी साठेखतावर सह्या केल्यावरच व्यवहार पक्का समजावा.’ हे वाक्य मी किती जणांना लिहून दिलं असेल! त्याचं कारण असं की ‘रीतसर कागद नंतर करू’ याचे दोन अर्थ होतात. एक, ठरलंय सगळं, फक्त कागदावर उतरवायचं बाकी आहे. तेव्हा करार आधीच झालेला असतो. दुसरा, कागद होईपर्यंत कोणीच कोणाला बांधील नाही. यातला कोणता अर्थ होता हे कोर्ट तुमच्या शब्दांवरून आणि वागण्यावरून ठरवतं. तर ठरवायचं काम कोर्टावर कशाला टाकायचं?

आता टोकन. ते देऊ नका असं माझं म्हणणं नाही. गरम बाजारात चांगली जागा टोकनाशिवाय थांबत नाही. पण पावतीवर जे लिहिलंय तेच टोकन. नुसतं ‘फ्लॅटपोटी रुपये पन्नास हजार मिळाले’ एवढी चिठ्ठी घेतलीत, तर पुढे काही बिनसलं की दोन्ही बाजू वाट्टेल ते म्हणू शकतात.

विसार म्हणून दिलेली रक्कम आणि किमतीपैकी आगाऊ दिलेली रक्कम यांत न्यायालयं भेद करतात. विसार म्हणजे शब्द पाळण्याची हमी. घेणारा फिरला तर तो जप्त होऊ शकतो, पण जप्तीचं कलम स्पष्ट हवं. नुसती आगाऊ रक्कम एरवी परत करावी लागते. सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या २०१२ च्या निकालात ७० लाखांच्या व्यवहारातले ७ लाख विसार म्हणून दिलेले होते, करारात जप्तीचं कलम होतं, घेणारा मागे हटला, आणि सर्वोच्च न्यायालयाने सगळेच्या सगळे ७ लाख जप्त करणं योग्य ठरवलं. पुढे २०१५ मध्ये कैलासनाथ असोसिएट्सच्या खटल्यात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू दाखवली. तिथे विकणाऱ्याचं नुकसानच झालं नव्हतं, चूकही घेणाऱ्याची नव्हती. मग जप्ती कसली, पैसे परत करा. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कळतं, पावतीवर ‘विसार’ हा शब्द चढवायची घाई मालकाची असते, तुमची नाही. तुम्ही ‘परत करण्यायोग्य टोकन’ लिहून घ्यायचा आग्रह धरा, आणि ते कोणत्या परिस्थितीत किती दिवसांत परत होणार तेही.

लोक छाती ठोकून सांगतात की मालक फिरला तर दुप्पट द्यावे लागतात. कोणी दिले सांग? पावतीत किंवा करारात तसं लिहिलेलं असेल तर निदान मागता तरी येतात, आणि तिथेही कोर्ट वाजवी नुकसानभरपाई किती तेच बघतं. लिहिलेलं नसेल तर दुप्पट ही नुसती चावडीवरची गोष्ट.

तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं कलम कर्जाचं. तुम्हाला वाटतंय की बँकेने कर्ज नाकारलं तर व्यवहार आपोआप मोडेल आणि टोकन परत मिळेल. नाही गं. कर्ज हा तुमचा आणि बँकेचा मामला. ‘अमुक तारखेपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही, किंवा वकिलांच्या तपासणीत मालकीत दोष निघाला, तर संपूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत’ हे पावतीतच लिहिलेलं हवं. मालकांचं स्वतःचं कर्ज त्या फ्लॅटवर असेल, तर मूळ कागद त्यांच्या बँकेत असणार. किती बाकी आहे याचं बँकेचं पत्र आधी मागा, मग टोकनाचं बोला.

पैसे एजंटच्या हातात देऊ नका, त्याच्या खात्यातही नाही. थेट मालकाच्या खात्यात, चेकने नाहीतर बँकेतून. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख, अगदी आगाऊ म्हणूनसुद्धा, घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे. व्यवहार पुढे झाला नाही तरी बंदी लागू राहते, आणि रोख स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. ‘थोडं रोखीत करू’ म्हणणाऱ्या मालकाशी व्यवहार मोडला, तर ते थोडं तू कोणत्या तोंडाने आणि कोणत्या कागदावर परत मागणार? आणि हो, किंमत ५० लाख किंवा वर असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायचं काम तुमचं, टोकनाच्या रकमेवरसुद्धा. तो भरला नाही म्हणून नोटीस येते ती घेणाऱ्याला.

सही कोणाची, हे आता नीट ऐक. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल आणि बोलणी एकटे काका करत असतील, तर काकांचा शब्द काकूंना बांधत नाही. दोघांच्या सह्या घे, पावतीवर सुद्धा. एजंटने ‘मालकांच्या वतीने’ केलेली सही, त्याच्याकडे लेखी अधिकार नसेल तर, शोभेची. मूळ मालक वारले असतील आणि सोसायटीच्या दप्तरी मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लागलं असेल, तर तो सगळ्या वारसांच्या वतीने विश्वस्त आहे, एकटा मालक नव्हे. बहिणींची हक्कसोड पत्रं नोंदलेली आहेत का ते विचारायचं. विचारताना अवघड वाटतं, मान्य. पण बहीण नंतर दारात उभी राहिली तर जास्त अवघड होतं. वारसांत कोणी अज्ञान असेल, तर त्याचा हिस्सा पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. परदेशातल्या मालकाचं मुखत्यारपत्र आलं तर त्यात विक्री करण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार शब्दात लिहिलेला आहे का, आणि ते देणारी व्यक्ती हयात आहे का, हे दोन्ही बघ. देणारा गेला की सर्वसाधारण मुखत्यारपत्रही गेलं.

इथवर झालं ते माणसं एकमेकांना कधी बांधली जातात याचं. घर कधी बांधलं जातं, ती वेगळी कथा आहे, आणि भल्याभल्यांची गल्लत होते ती इथेच. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याचं ५४ वं कलम म्हणतं की नुसत्या विक्रीच्या करारामुळे, म्हणजे आपल्या साठेखतामुळे, त्या मिळकतीत घेणाऱ्याचा कसलाही हक्क निर्माण होत नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखतानेच. मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र अशी मोट बांधून घर ‘विकायची’ पद्धत कितीतरी ठिकाणी होती. २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की याने मालकी बदलत नाही.

मग साठेखत झाल्यावर मालकाने घर तिसऱ्यालाच विकलं तर? त्या तिसऱ्याने पूर्ण पैसे देऊन, सचोटीने, तुमच्या कराराची खबर नसताना घेतलं असेल, तर कायदा त्याला सांभाळतो. तुमच्या हातात उरतो तो दिलेल्या पैशांचा नि भरपाईचा दावा. म्हणून साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं. नोंदलेला दस्त म्हणजे साऱ्या जगाला दिलेली सूचना असं कायदा मानतो. नंतरचा कोणी ‘मला माहीत नव्हतं’ म्हणू शकत नाही, कारण इंडेक्स टू काढला की तुमचं नाव समोर येतं. सही केल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करायची असते. लोक का टाळतात? कारण आपल्या राज्यात ताबा द्यायचं ठरलेल्या साठेखतावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क बसतं, आणि लाखांचा आकडा बघून घेणारा म्हणतो, शेवटी एकदमच भरू. अगं, ते शुल्क पुढे खरेदीखताच्या वेळी वळतं होतं. पैसे तेवढेच जातात, आधी जातात इतकंच. आणि नोंद न करता आधी ताबा घेतलास, तर २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या ताब्याला हस्तांतरण कायद्याच्या ५३-अ कलमाचं कवच मिळत नाही. किल्ली हातात आली म्हणून घर आपलं झालं असं समजून कोणी रंगकाम काढतं, कोणी भिंत पाडतं. तू तसलं काही करू नकोस.

नोंद न झालेलं साठेखत अगदीच फुकट मात्र नाही. करार पुरा करून द्या, असा दावा लावताना ते पुरावा म्हणून चालतं, मुद्रांकाची कसर दंडासह भरून काढली की झालं. तुम्ही दिलेल्या रकमेपुरता त्या मिळकतीवर बोजाही असतो, तुम्ही स्वतः विनाकारण मागे हटला नसाल तर.

नव्या इमारतीत फ्लॅट घ्यायचा झाला तर नियम निराळे, आणि खूप सोपे. रेराच्या १३ व्या कलमाप्रमाणे लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. बुकिंग रद्द केलं तर किती कापायचं, तेही महारेराने २०२२ च्या आदेशात वाटपपत्राच्या नमुन्यात घालून दिलंय. पंधरा दिवसांत रद्द केलं तर काहीच नाही, महिन्याच्या आत किमतीच्या एक टक्का, दोन महिन्यांपर्यंत दीड, त्यानंतर दोन टक्के. जुन्या घराच्या व्यवहारात असलं तयार कोष्टक नसतं. ते आपणच पावतीत बनवायचं.

समजा साठेखत झालं, तुम्ही तयार आहात आणि मालक फिरले. कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर करार पुरा करून देण्याचा हुकूम देणं ही न्यायाधीशाची मेहेरबानी राहिलेली नाही. अटी पूर्ण असतील तर तो मिळतो. पण घेणारा पहिल्यापासून शेवटपर्यंत तयार होता आणि ऐपत राखून होता, हे तुम्हाला दाखवावं लागतं. त्यासाठी कर्जमंजुरीचं पत्र, ठेवीच्या पावत्या, बँकेचे उतारे, ‘आम्ही पैसे घेऊन तयार आहोत, तारीख द्या’ अशी पत्रं, सगळं जपून ठेवायचं. मुदत उलटली म्हणजे करार मेला असंही नाही. घरजमिनीच्या व्यवहारात मुदत हा गाभा असल्याचं न्यायालयं सहसा धरत नाहीत, तसं मुद्दाम लिहिलेलं नसेल तर. मात्र दाव्याला तीन वर्षांची मर्यादा आहे. करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. ‘बोलणं चालू आहे’ म्हणत लोक ही तीन वर्षं घालवतात. दावा लावताना घर नाही तर निदान दिलेले पैसे परत, ही मागणी पर्याय म्हणून स्पष्ट घालायची. मागितलं नाही तर कोर्ट आपणहून देत नाही. आणि दाव्याची नोटीस, लिस पेंडन्स म्हणतात ती, दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची. बाकीच्या बहुतेक राज्यांत दावा पडला की नंतरचा खरेदीदार आपोआप निकालाला बांधला जातो. आपल्याकडे जुन्या मुंबई प्रांताच्या १९३९ च्या दुरुस्तीमुळे ती नोंद लागते. बाहेरगावचे वकील हे हमखास विसरतात.

आणि फिरायचं तुम्हालाच झालं तर? साठेखताआधी असेल तर लेखी कळवा, कारणासकट, पावतीतल्या कलमाचा हवाला देऊन. फोनवर काही बोलू नका. टोकन परत आलं की ‘आमच्यात काही येणं-देणं राहिलं नाही’ असा दोघांच्या सह्यांचा कागद करा, आणि मूळ पावती रद्द लिहून परत द्या. साठेखत नोंदलेलं असेल, तर तेवढ्याने भागत नाही. रद्दलेखही त्याच रीतीने सहीशिक्क्यानिशी नोंदवावा लागतो, दोन्ही बाजूंनी कार्यालयात हजर राहून. मालकांना नवं गिऱ्हाईक मिळालेलं असतं तेव्हा ते तुमच्या मागे धावतील. पैसे खात्यात जमा झाल्याचं दिसेपर्यंत रद्दलेखावर सही करायची नाही. चेक हातात आला म्हणून तर मुळीच नाही.